नववं अक्षर

१

धाकटीचा राग नाकावर असतो, असं घरातले सगळे म्हणायचे. साफ खोटं. नाकावरचा राग शिंक आली की जातो. हिचा राग दाताखाली असायचा, आणि ती तो दिवसचे दिवस चावत बसायची.

कचेरीत तिला घूस म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला ते चालायचं, कारण कामच तसं होतं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून लोकांच्या हरवलेल्या गोष्टी जाळ्यातून उकरून काढायच्या. कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाचा घराचा नकाशा, कुणाच्या वडलांची सही. या जाळ्याला मधोमध कोठार असं नव्हतंच. हजारो घरांतून बुटाच्या खोक्याएवढा एकेक डबा घरघरत बसलेला असायचा. तुमच्या गोष्टींचे तुकडे दुसऱ्यांच्या डब्यांत आणि दुसऱ्यांचे तुमच्या. त्यामुळे इथं 'कुठे आहे' असं विचारून उपयोग नव्हता. 'काय आहे' ते सांगावं लागे. प्रत्येक गोष्टीचा एक ठसा असायचा, सेहेचाळीस अक्षरांचा आणि आकड्यांचा, त्या गोष्टीतूनच निघालेला. मजकुरात एक टिंब इकडचं तिकडे झालं तर ठसा पार वेगळा. तो ठसा जाळ्यात टाकायचा आणि वाट बघायची. ज्याच्याकडे ती गोष्ट असेल तो डबा म्हणे, आहे. कुणाकडेच नसेल तर ती गोष्ट जगातून गेली.

समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ती पाल्हाळ म्हणायची. वेळ विचारली तर घड्याळाचा शोध कसा लागला इथून सुरुवात करणारा माणूस. त्यानं भिंतीवर दोन नियम जाड अक्षरांत लिहून चिकटवले होते. देणारा कोण ते विचारू नये, ठसा जुळला की माल खरा. आणि त्याखाली, ज्यानं मागितलं त्यानं राखायचं. म्हणजे तुम्ही एखादी गोष्ट मागवली की तिचे तुकडे तुमच्याही डब्यात राहणार, आणि पुढच्यानं मागितले की तुम्ही द्यायचे. कामात मुरलेल्या माणसांना हे नियम दिसतसुद्धा नाहीत. भिंतीवरच्या डागासारखे ते तिथं नुसते असतात.

त्या सोमवारी तिनं स्वतःसाठी शोध घातला होता, आणि मावशीच्या डब्यातून आईच्या रेकॉर्डिंगची यादी निघाली. तिनं ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि तडक दादाला फोन लावला.

"यादी मिळाली," ती म्हणाली. "आईची. चाळीस आहेत."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. ते थांबलं.

"एकोणचाळीस," दादा म्हणाला.

"मला मोजता येतं, दादा. शेवटच्या ओळीत चाळीस लिहिलंय, पुढे अकरा मिनिटं लिहिलंय, आणि ठसा अर्धवट तुटलाय. पूर्ण ठसा तुझ्या वहीत असणार."

"काहीतरी गफलत झाली असेल. तुम्ही लोक काय, सारखं काहीतरी बिघडवताच." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. धाकटीनं हातातली पेन्सिल मोडली. पाल्हाळनं मान वर केली, तिचं तोंड पाहिलं आणि शहाण्यासारखी पुन्हा खाली घातली.

२

आई जाऊन चार महिने झाले होते. शेवटच्या आजारपणात दादानं तिच्या उशाशी डबा आणून ठेवला आणि त्याला माइक जोडून दिला. रोज दुपारी चार वाजता आई स्वतःच्या हातानं लाल बटण दाबायची आणि मनाला येईल ते बोलायची. आधी घसा खाकरायची. मग चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवायची, त्याचं झाकण मिटल्याचा टप्प असा आवाज यायचा. मग म्हणायची, "हं, लागलं का हे?"

एकोणचाळीस रेकॉर्डिंग धाकटीनं ऐकली होती. त्यांत दादाचं पोट होतं, वहिनीची चिडचिड होती, मावशीचा बहिरेपणा होता. शेजारच्या मांजरीवर तर आई पूर्ण दोन दिवस बोलली होती. पोटच्या मुलीबद्दल एक अक्षर नाही. मांजरीला दोन दिवस आणि मला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, हे धाकटीच्या मनातून जाता जात नव्हतं. एकोणचाळिसाव्याच्या शेवटी मात्र आई थकलेल्या आवाजात म्हणाली होती, "उद्या धाकटीचं बोलते. आज घसा बसलाय." ते वाक्य धाकटीनं दोनशे वेळा तरी ऐकलं असेल.

भांडण सहा वर्षांपूर्वीचं. बाबा गेल्यानंतर तिला जाळ्यात त्यांची जुनी पत्रं सापडली. ती लग्नानंतरची होती, आणि आईला लिहिलेली नव्हती. खरं ते खरं, हे हिचं तत्त्व. हिनं ती छापली आणि जेवणाच्या टेबलावर आईपुढे ठेवली. आईनं पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, घरात ठेवला. टप्प.

"तुला कुणी मागितलं होतं का?" आई म्हणाली. त्यानंतर ती धाकटीशी एक शब्द बोलली नाही, मरेपर्यंत.

चूक आपली होती हे धाकटीला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून तर राग जास्त. आईनं एक मुस्कटात मारली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिनं पाय धरले असते. पण ती बाई मूग गिळून गेली, आणि आता तिचं शेवटचं बोलणं या माणसानं घालवलं. बाकीची रेकॉर्डिंग नातेवाइकांनी मागवून ऐकली, म्हणून त्यांच्या डब्यांत राहिली. चाळिसावं दादाच्याच डब्यात होतं, आणि आई गेली त्याच आठवड्यात दादानं तो डबा बंद करून भंगारात दिला. का, तर म्हणे घरघर सहन होत नव्हती.

मंगळवारी ती फोनवर एवढी ओरडली, की खालच्या टायरवाल्यानं काम थांबवून वर पाहिलं.

"घरघर! पंख्याच्या घरघरीपायी आईचा आवाज घालवलास तू!"

"माझीही आई होती ती."

"तुला ती रोज होती. मला सहा वर्षं नव्हती. त्यात माझ्याबद्दल काय आहे ते तू ऐकलंयस, हो ना? ऐकलंस आणि दाबून ठेवलंस."

हा थोरला भाऊ म्हणजे आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, आणि त्याच गुणाचा धाकटीला आता संताप येत होता.

"धाकटे," तो म्हणाला, "काही गोष्टी नाही सापडल्या तर बरं असतं."

"ठसा वाच. नाहीतर उद्या सकाळी तुझ्या दारात उभी राहीन, आणि वहिनीसमोर आणि पोरांसमोर तमाशा करीन. मला ओळखतोस तू."

ओळखत होता. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. दादा एकेक अक्षर सावकाश वाचू लागला आणि ती एका पाकिटाच्या पाठीवर लिहू लागली. आठ अक्षरं झाली आणि तो थांबला.

"नववं?"

"सात."

"सात की साठ? तोंडात काय धरलंयस? नीट बोल."

"सात आकडा," दादा म्हणाला, आणि उरलेली सदतीस अक्षरं त्यानं एका दमात वाचून टाकली.

३

मंगळवारी कुणाकडेच नाही. बुधवारी कुणाकडेच नाही. तिला माहीत होतंच. जे एकाच डब्यात होतं आणि तो डबाच गेला, ते कुठून यायचं? तरी हट्टानं तिनं शोध चालू ठेवला. दादाला शिव्या द्यायला काहीतरी कारण हवं होतं, असंही म्हणा.

गुरुवारी दुपारी चारला पडद्यावर ओळ उमटली. एका डब्याकडे आहे. सात तुकडे आहेत.

ती खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. पहिला तुकडा आला. बाकीचे मागितले तर उत्तर नाही. डब्यापुढे अंतराचा आकडा होता, दोनशे बारा. अंतर म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ. घर जितकं लांब तितका आकडा मोठा. दोनशे बारा म्हणजे समुद्रापलीकडचं कुठलं तरी घर.

"परदेशात कोण आहे तुमचं?" पाल्हाळनं विचारलं.

"कुत्रंसुद्धा नाही."

"मग कुणीतरी कधीतरी मागितलं असणार. माणसं काय वाट्टेल ते मागतात. एकदा काय झालं..."

"नको," ती म्हणाली.

शुक्रवारी चारला दुसरा तुकडा. अंतर एकशे चाळीस. शनिवारी तिसरा, एक्क्याऐंशी. रोज चारच्या ठोक्याला एक, ना आधी ना नंतर. सातही आल्याशिवाय ऐकता येणार नव्हतं, त्यामुळे तिची जेवणावरची वासना उडाली होती. रविवारी ती घरी होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, कचेरीतून उचलून आणलेल्या स्वतःच्या डब्यासमोर. चौथा तुकडा आला तेव्हा आकडा तेहतीस होता. आपण जागा बदलली, मग आकडा बदलणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. सोमवारी डबा घेऊन कचेरीत आल्यावर तो वाढायला हवा होता. तो नऊ झाला.

"सोपं आहे," पाल्हाळ म्हणाला. "तू तुकडे घेतलेस म्हणजे तूही राखणदार. तुझाच डबा तुला दिसतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

ती मनापासून हसली. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग तिनं पडद्याकडे नीट पाहिलं आणि हसू तिथंच राहिलं. तिच्या डब्याची ओळ वेगळी होती. तिच्यापुढे शून्य होतं. नऊ होतं ते खालच्या ओळीत.

मंगळवारी खालच्या ओळीत दोन आले.

"दोन म्हणजे याच इमारतीत," पाल्हाळ म्हणाला, आणि पुढे काहीच बोलला नाही.

ती जिना उतरून खाली गेली. टायरवाला एका चाकाला पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"तुमच्याकडे जाळ्याचा डबा आहे का?"

"ताई, इथं हवा भरतात," तो म्हणाला. "डबे नाहीत, काही नाही. मला हिशेबाची वही सांभाळता येत नाही, डबा कुठला सांभाळतो!"

वर येताना जिन्याच्या वळणावर ती थांबली. वरच्या खोलीतून घसा खाकरल्याचा आवाज आला होता. पाल्हाळला सर्दी झाली असेल. तिनं वर जाऊन पाहिलं तर त्याची खुर्ची रिकामी होती आणि पिशवी नव्हती. ती खाली बोलत होती तेवढ्यात बिचारा आठ वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी घरी निघून गेला होता.

हे काय चाललंय, असं तिच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. मोजणारं यंत्र बिघडलं असेल. कुणी खोडसाळपणा करत असेल. पण खोडसाळपणा करून ठसा जुळवता येत नाही, हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? प्रत्येक तुकडा तपासून घेतला होता, प्रत्येक खरा निघाला होता. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग मोठा होता. समोरून साक्षात यम तुकडे घेऊन आला असता, तरी तिनं त्याला विचारलं असतं, एवढा उशीर का लावलास?

४

बुधवारी तिनं रजा घेतली. घरात बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर डबा, खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी. डब्याचा पंखा घरघरत होता. चारला सातवा तुकडा आला.

पडद्यावर दोन ओळी होत्या. तिच्या डब्यापुढे शून्य. खालच्या ओळीत शून्य.

खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, ठसा जुळला.

तिनं आधी दादाला फोन लावला. ऐकण्याच्या आधी जिंकायचं होतं तिला. स्वभावाला औषध नाही.

"मिळालं," ती म्हणाली. "तू भंगारात घातलेलं मिळालं मला. पूर्ण. ठसा जुळला. आता बोल."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"दातखीळ बसली का?"

"तुझ्याकडचा ठसा वाच," दादा म्हणाला.

"कशाला?"

"वाच म्हणतो ना!" आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. तिनं पाकीट उचललं आणि वाचू लागली. नवव्या अक्षरावर त्यानं तिला थांबवलं.

"तिथं सात नाही. वहीत दुसरंच अक्षर आहे. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं."

उन्हाची पट्टी टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. एक अक्षर चुकलं की तो ठसा कशाचाच नसतो. जगातल्या कुठल्याच गोष्टीचा नसतो. नसलेल्या घराच्या पत्त्यावर पत्र टाकावं, तसा प्रकार. उत्तर येण्याचा प्रश्नच नव्हता.

"तू शोधत बसशील, सापडणार नाही, मला शिव्या देशील आणि महिन्याभरानं थकशील," दादा म्हणत होता. "एवढंच मला हवं होतं. शिव्या चालल्या असत्या गं."

"खोटं बोलतोयस."

"आई पहाटे गेली. दुपारपर्यंत आम्ही सगळं आटपून परत आलो. चार वाजून गेल्यावर मी तिच्या खोलीत चादरी काढायला गेलो, तर डब्याचं लाल बटण दाबलेलं. मला वाटलं, तुझ्या वहिनीचा हात लागला असेल. यादी उघडली तर चाळीस. रोजच्या सवयीनं मी ठसा वहीत उतरवला. मग लावलं." तो थांबला. "मिनिटभर ऐकलं असेल. तार उपटली, आणि डबा त्याच दिवशी घराबाहेर काढला."

"काय होतं त्यात?"

"एकच विचारत होती. धाकटीनं मागितलं का? धाकटीनं मागितलं का? परत परत."

"आई?"

"आवाज आईचाच होता," दादा म्हणाला. "पण आठव ना, आईनं आपल्याला कधी काही मागायला लावलंय का? मागायच्या आधी हातावर ठेवायची ती."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने या माणसानं ताकास तूर लागू दिली नाही, आणि आता पकडल्यावर भुताखेतांच्या गोष्टी! आईनं तिला माफ केलं असेल आणि ते याला बघवलं नसेल. सहा वर्षं आईशेजारी बसून पुण्य कमावलं, त्यात वाटेकरी नको असेल. असं सगळं ती त्याला बोलली. यापेक्षा वाईटही बोलली. बोलता बोलता तिनं फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं रेकॉर्डिंग लावलं.

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग टप्प.

"हं, लागलं का हे?"

आईच होती. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"बंद कर," दादा फोनमधून म्हणाला. "धाकटे, तार काढ. तुझ्या समोरच असेल बघ."

तार समोरच होती. तिनं हात लावला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पंख्याची घरघर थांबली आहे. डब्यावरचा दिवा चालू होता, पण खोलीत काहीच आवाज नव्हता. रेकॉर्डिंगमध्येही नव्हता. मग कुणीतरी खुर्ची ओढून जवळ बसावं तसं काहीतरी लाकडावर घासलं.

"धाकटे," आई म्हणाली.

"बोल ना!" धाकटी ओरडली. डब्यावर ओरडली, वेड्यासारखी. "सहा वर्षं बोलली नाहीस! मांजरीवर बोललीस, मावशीच्या कानांवर बोललीस! मी काय केलं होतं एवढं? चुकले मी! चुकले म्हणते ना! आता तरी बोल!"

"ती नाहीये गं ती," दादा म्हणाला. तो रडत होता. "तार काढ. माझं एवढं एक ऐक."

तिची बोटं तारेवर घट्ट होती. तिला सगळं कळत होतं. नववं अक्षर कळत होतं. शून्याखालचं शून्य कळत होतं. भिंतीवरचा नियमही आठवत होता, ज्यानं मागितलं त्यानं राखायचं. आणि हेही कळत होतं, की तार ओढली तर आपल्याबद्दल आईला काय म्हणायचं होतं ते उभ्या जन्मात कळणार नाही.

"तेव्हा तुला कुणी मागितलं नव्हतं," आईचा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "या खेपेला तू मागितलंस."

"हो," धाकटी म्हणाली.

"सांगते. सगळं सांगते." घसा पुन्हा खाकरला. या वेळी तो आवाज डब्यातून आला, की तिच्या खुर्चीच्या मागून, हे तिला सांगता आलं नसतं. "आधी तो फोन ठेव."

दादा पलीकडून तिला हाका मारत होता. धाकटे, धाकटे, लहानपणी ती विहिरीच्या काठावर गेली की मारायचा तशा.

धाकटीनं फोन ठेवला.